एकोणीस दिवसांचा ढाळ

गेडाम मॅडमचं नाव हायकोर्टासाठी गेलं ही बातमी खडकसावळीच्या जिल्हा कोर्टात सगळ्यात आधी कळली ती अनंता खिल्लारेला, आणि पेढेही सगळ्यात आधी त्यानेच आणले.

अनंता मॅडमचा बेंच क्लार्क. म्हणजे न्यायाधीशांच्या समोर, जरा खाली जे टेबल असतं, तिथे बसायचं. फाईल वर द्यायची, खाली घ्यायची आणि पुढची तारीख टाकायची. एकवीस वर्षं तो हेच करत होता, आणि या एकवीस वर्षांत त्याने कुणाच्या चहालासुद्धा हात लावला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. दुसरं कुणी सांगत असेल तर अडवायचाही नाही.

"घ्या बोराडे साहेब, तोंड गोड करा."

बोराडे म्हणजे शिरस्तेदार, कोर्टाच्या ऑफिसचे प्रमुख. त्यांनी पेढा उचलला, वास घेतला आणि म्हणाले, "खिल्लारे, मॅडम चालल्यात हायकोर्टात का तुम्ही?"

"आपल्या कोर्टातून चाललंय ना नाव."

"नाव चाललंय. माणूस अजून हितंच आहे. नावाला वाटेत लई टेबलं लागतात."

खोटं नव्हतं ते. तालुक्याचं कोर्ट, त्याच्यावर जिल्ह्याचं, त्याच्यावर हायकोर्ट आणि सगळ्यांच्या वर दिल्लीचं सुप्रीम कोर्ट, ही उतरंड शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण खालचा न्यायाधीश वर कसा चढतो विचारा, चांगले चांगले डोकं खाजवतात. तालुक्याचा न्यायाधीश परीक्षा देऊन होतो. हायकोर्टाला परीक्षा नाही. तिथले मुख्य न्यायमूर्ती आणि सगळ्यात ज्येष्ठ दोघं बसून नावं काढतात. बरीचशी वकिलांतून, थोडी जिल्हा न्यायाधीशांतून. मग ते नाव राज्य सरकार, केंद्र सरकार, सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ न्यायमूर्ती असं फिरत फिरत राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत पोचतं. मधे एखाद्या टेबलावर बसलं की बसलं. का बसलं, हे कुणी सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी, म्हणजे २०३४ मधे, त्यात अजून एक टेबल वाढलं. या टेबलामागे माणूस नव्हता.

कलमापक. नाव ऐकून अर्ध्या वकिलांना वाटलं, कलमं मोजायचं मशीन आलं. ते कल मोजायचं होतं.

काम साधं होतं. ज्याचं नाव वर जाणार, त्या न्यायाधीशाने नोकरीत दिलेला प्रत्येक आदेश, प्रत्येक तारीख, प्रत्येक सही यंत्र वाचायचं आणि त्यातून जोड्या लावायचं. एकच कलम, एकच महिना, पोलिसांचे सारखेच कागद, दोन वेगळी माणसं. दोघांना सारखंच मिळालं का? एका जोडीवरून काहीच कळत नाही. एखाद्या दिवशी वकील आजारी असतो, एखाद्या दिवशी संप असतो. पण अशा हजारो जोड्या एकावर एक ठेवल्या की आजारपणं आणि संप दोन्हीकडे सारखेच पडतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. मागे उरतो तो कल.

गवंडी बाथरूमची फरशी झाली की तिच्यावर बादलीभर पाणी ओततो. डोळ्याला फरशी सपाटच दिसते. पाणी मात्र बरोबर एका कोपऱ्याकडे जातं. ढाळ कुठे आहे हे पाण्याला कळतं. ढाळ कुणी काढला आणि का काढला, हे पाणी सांगत नाही. कलमापकही सांगत नव्हता.

गेडाम मॅडमना त्याची भीती असायचं काही कारण नव्हतं. मंदाकिनी गेडाम, वय सत्तावन्न. चंद्रपूरकडच्या गोंड घरातल्या, आईबाप तेंदूपत्ता तोडणारे. रात्रशाळेत शिकवून स्वतः वकिली शिकलेल्या. त्यांच्या कोर्टात मोठ्या वकिलाचाही आवाज चढायचा नाही. अनंताला वाटायचं, या बाई हायकोर्टात गेल्या नाहीत तर मग कोण जाणार?

अकराव्या दिवशी मॅडमनी त्याला चेंबरमधे बोलावलं.

टेबलावर टॅब होता, त्यावर कलमापकाचा अहवाल. मॅडमनी तो त्याच्याकडे फिरवला. "वाचा. मी तीनदा वाचला."

अनंताने वाचलं. जामीन देणे किंवा नाकारणे, कल आढळला नाही. शिक्षा, कल आढळला नाही. आधीच्या चार नेमणुका, कल आढळला नाही. आणि मग एकच ओळ जाड अक्षरात. खडकसावळी, पुढील तारीख, कल आढळला. एकोणीस दिवस. खाली तीन पत्ते. भाटी वस्ती, रेल्वे पुलाखालची पालं, खाणीमागची झोपडपट्टी.

"म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे बाकी सगळं सारखं असताना, या तीन पत्त्यांवरच्या माणसाला माझ्या कोर्टात एकोणीस दिवस लांबची तारीख मिळाली. एकदा दोनदा नाही. चारशे सहा वेळा." मॅडमनी चष्मा काढला. "यात निम्मे लोक आत होते, खिल्लारे. जामिनासाठी थांबलेले."

अनंताने टॅब परत त्यांच्याकडे सरकवला.

"मला नीट आठवत नाही म्हणून विचारते. मी नुसतं 'तारीख द्या' म्हणायची, असं मला वाटतं. का दिवससुद्धा मीच सांगायची? माईक तर तेव्हा बंद असतो."

कोर्टात बोललेला शब्द न् शब्द रेकॉर्ड व्हायचा. फक्त एक प्रकरण संपून दुसरं सुरू होईपर्यंत माईक बंद असायचा. तारीख पडायची ती बरोबर त्याच फटीत. दिवसाला सत्तर प्रकरणं. मॅडम म्हणायच्या "द्या", आणि त्यांचा हात पुढच्या फाईलवर गेलेला असायचा. दिवस निवडायचा अनंता. पडद्यावर मॅडमचं लॉगिन, खाली मॅडमची डिजिटल सही, बोट अनंताचं. मॅडम इथे आल्यापासून तीन वर्षं आठ महिने, रोज सत्तर वेळा.

हे त्याला माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"मॅडम... महिना तुम्हीच सांगायच्या," तो म्हणाला. "मी नुसती सुट्टी बघून वार टाकायचो."

त्याने हे ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. चौकशी, निलंबन, पाच वर्षं राहिलेली नोकरी, हे सगळं जिभेच्या मागे उभं होतं, आणि त्या सगळ्यांनी मिळून ते वाक्य बाहेर ढकललं.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. संशयाने नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. त्या स्वतःचंच काहीतरी आठवत होत्या.

"असं का," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं मी तशी नाही."

त्यांनी चष्मा परत लावला.

"माझं म्हणणं द्यायला दहा दिवस आहेत. या जोड्यांच्या फाईली काढून ठेवा. मला बघायच्यात."

"हो, मॅडम."

बाहेर आल्यावर त्याने ग्लासभर पाणी प्यायलं.

घरी इंदूने, त्याच्या बायकोने, चेहरा बघूनच विचारलं, "काय झालं? पेढे नासके निघाले का?"

त्याने सगळं सांगितलं. खोटं बोललो तेसुद्धा. इंदू अंगणवाडीत नोकरीला होती, सरकारी चौकशी काय असते हे तिला चांगलं माहीत होतं. ती मटार सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "बरं केलंत."

"बरं केलं?"

"मग काय करायचं होतं? त्या मोठ्या माणूस आहेत. हायकोर्टात नाही गेल्या तर जिल्हा जज आहेतच की. तुम्हाला काढलं तर तुम्ही कोण राहणार?"

त्याला वाटलं होतं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. इतकं बरोबर उत्तर कुणी आपल्याला द्यावं आणि ते ऐकून आपल्यालाच लाज वाटावी, असं याआधी त्याचं कधी झालं नव्हतं.

"पण तुम्ही दिल्याच का हो त्यांना लांबच्या तारखा?" इंदूने विचारलं. "पैसे तर तुम्ही खात नाही."

"नाही खात."

"मग?"

"कामाचीच पद्धत ती," तो म्हणाला, आणि उठून गेला.

पद्धत होतीच. बेंच क्लार्कचं सगळं कसब बोर्ड हलका ठेवण्यात असतं. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. एका दिवशी सत्तराच्या वर प्रकरणं गेली की न्यायाधीश चिडतात, वकील ओरडतात, जेवणाची सुट्टी बुडते. म्हणून जवळचे दिवस अनंता थोडे रिकामे राखून ठेवायचा. कारण येणार, हमखास येणार, कुणीतरी वकील टेबलावर वाकून म्हणणार, "खिल्लारे साहेब, जवळची द्या हो, क्लायंट डोकं खातोय." एखादी शिक्षिका म्हणणार, "मला रजा मिळत नाही, याच आठवड्यात बघा ना." त्यांना द्यायला जवळचा दिवस हाताशी लागतो. मग तो राखायचा कुणाच्या जिवावर? जो काही म्हणत नाही, त्याच्या.

दुसऱ्या दिवशी फाईली काढताना तो हेच स्वतःला समजावत होता. मी कुणाची जात बघितली नाही. पत्ता तर बघितलाच नाही. जे मागत होते त्यांना दिलं, जे मागत नव्हते ते मागे राहिले. चूक आहे, पण काळ्या मनाची नाही.

हे मनात म्हणता म्हणता त्याला दुसरं एक वाक्य आठवलं. ते तो कुणापुढे बोलला नव्हता, बोट दाबताना मनात म्हणायचा. 'यांना काय, कधीही आलं तरी चालतंय.'

एवढंच. शिवी नाही, राग नाही. यांना काय. आठवड्यातून दोन-तीनदा तरी म्हणत असेल.

तो रेकॉर्डच्या खोलीत लोखंडी रॅकला टेकून उभा राहिला. आता कुणी आत आलं असतं तर चेहरा लपवायला त्याला जागा नव्हती.

तरी मघाचं ते समाधान त्याने अजून सोडलं नव्हतं. मागितलं असतं तर दिलं असतं. नक्की दिलं असतं.

दुपारी जोडी क्रमांक एकशे अठ्ठावन्न हातात आली.

दोन्ही प्रकरणं मोटारीची तांब्याची वायर चोरल्याच्या संशयाची. दोन्हीत आरोपी चोवीस वर्षांचा, आधीचा एकही गुन्हा नाही. दोन्हीत जामिनाचा अर्ज, आणि पोलिसांचं म्हणणं चौथ्या दिवशी हजर. एक पोरगा एका ठेकेदाराचा पुतण्या. पहिली तारीख सहा दिवसांनी, दुसरी पाच दिवसांनी, जामीन. अकरा दिवस. दुसरा रोशन लहू काळे, राहणार रेल्वे पुलाखालची पालं, पारध्याचा पोरगा. पहिली तारीख एकतीस दिवसांनी, दुसरी अठ्ठावीस दिवसांनी, जामीन. एकोणसाठ दिवस. पुढे खटला चालला तेव्हा दोघंही निर्दोष सुटले.

रोशन काळेच्या फाईलच्या अगदी तळाशी वहीचं एक पान लावलेलं होतं. हाताने लिहिलेले अर्ज स्कॅन करून वर शेरा मारायचा, अशी पद्धत होती. शेरे दोनच. 'मॅडमपुढे ठेवा' किंवा 'फाईलला लावा'. पानावर तेलाचे डाग होते, पेन्सिलचं अक्षर पुसट झालं होतं. यंत्राने ते वाचता न येणारं म्हणून बाजूला टाकलं होतं. अनंताला वाचता येत होतं.

'मा. जज साहेब यांस. माझा मुलगा रोशन याची १४ तारखेला फायर ब्रिगेड भरतीची धावायची परीक्षा आहे. फारम भरलेला आहे. तरी त्याच्या आधीची तारीख मिळावी ही विनंती. छबुबाई लहू काळे. निशाणी डावा अंगठा.'

वर शेरा होता. फाईलला लावा. खाली बारीक अक्षरात अ. खि.

शेऱ्याची तारीख होती चौदाच्या बारा दिवस आधीची.

म्हणजे तिने मागितलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेऊन, अंगठा लावून, त्याच्याच टेबलावर आणून दिलं होतं. त्याने ते घेतलं होतं. वाचलं होतं का, तेही आठवेना. वाचलं असेल तर वाईट. वाचलं नसेल तर?

एकवीस वर्षं त्याने लाच खाणाऱ्यांकडे वरून बघितलं होतं. लाच खाणारा निदान पैसे मिळाल्यावर जवळची तारीख तरी देतो.

तो तसाच उठला. पान हातात. चेंबरचा दरवाजा वाजवला तेव्हा मॅडम डबा उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, मी खोटं बोललो."

मॅडमनी चमचा खाली ठेवला.

"तारखा मी टाकायचो. सगळ्या. तुम्ही नुसतं 'द्या' म्हणायच्या. महिना, वार, सगळं माझं. तुम्हाला कल नाही, मॅडम. तो माझा आहे." आणि त्याने पान पुढे ठेवलं. "हे पण माझंच."

मॅडमनी पान वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"तुम्ही खोटं बोलाल असं माझ्या मनातही आलं नाही, खिल्लारे," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोसला असता.

"मी लिहून देतो. आत्ता देतो. तुमच्या म्हणण्याबरोबर वर पाठवा."

"म्हणणं मी दिलं नाही. नाव मागे घेतलंय. हायकोर्टात जायला आपली संमती लागते ना, ती काढून घेतली. आज सकाळीच पत्र गेलं."

"का, मॅडम?" अनंताचा आवाज फुटला. "दहा दिवस होते! थांबायचं तरी!"

"काय म्हणणं देणार होते मी?" मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. जेवण तसंच होतं. "तो अहवाल मला लगेच पटला. तेच मला सहन होईना. ही वायरीची जोडी मी पडद्यावर बघितली. ठेकेदाराचा पुतण्या मला आठवला. त्याचा वकील आठवला, वकिलाने केलेला विनोद आठवला. रोशन काळेचा चेहरा आठवायला बसले, तर काही येईना. त्याची आई दोन वेळा माझ्यासमोर उभी राहिली असणार. काहीच नाही. नुसती एक साडी, रंगसुद्धा नाही. मग म्हटलं, मशीन खोटं कशाला बोलेल?"

"पण तारीख मी..."

"तारीख तुम्ही टाकलीत. सही कुणाची आहे?"

मॅडमनी पान त्याच्याकडे परत सरकवलं.

"माझे आईबाप तेंदूपत्त्याच्या फडावर असेच उभे असायचे," मॅडम म्हणाल्या. "पानांचे पुडे मोजणारा त्यांच्याकडे वर मान करून बघायचा नाही. मी शिकले ती त्या माणसाच्या रागाने. आणि मी बसले कुठे तर त्याच्याच खुर्चीत, आणि मान माझीही वर नव्हती." त्यांनी डबा बाजूला सारला. "लिहून द्या तुम्ही. द्यायलाच पाहिजे, खरं ते कागदावर यायला पाहिजे. पण त्याने माझं नाव परत येणार नाही. या वयात दुसऱ्यांदा जात नाही नाव."

"मला माफ करा, मॅडम."

"मला कशाला?" पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "माझं काय झालं? मी हायकोर्टात गेले नाही, एवढंच. तुरुंगात मी नव्हते बसले. माझी धावायची परीक्षा नाही बुडली. माफी चुकीच्या दारात मागू नका."

अनंताने लिहून दिलं. दोन पानं. बोराड्यांनी ते वाचून त्याच्याकडे बघितलं, काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वरून उत्तर आलं, 'नोंद घेण्यात आली.' त्या जागेवर एका वकिलाचं नाव गेलं आणि चार महिन्यांत सहीसुद्धा झाली. अनंताची चौकशी लागली, त्याला बेंचवरून काढून रेकॉर्डला बसवलं. मॅडमच्या कोर्टात आता तारीख माईक चालू ठेवून पडत होती. समोरच्याला विचारून, मॅडम स्वतः सांगायच्या. त्यामुळे कोर्ट रोज तासभर उशिरा सुटायचं आणि सगळे कुरकुरायचे.

त्या चारशे सहा तारखा ज्यांना मिळाल्या, त्यांची यादी अनंताच्या खिशात होती. एका रविवारी सकाळी त्याने चपला घातल्या.

"जाऊन काय होणार आहे?" इंदू म्हणाली.

"माहीत नाही."

"मारतील तुम्हाला."

"मारू देत."

इंदूने त्याच्याकडे नीट बघितलं. "पाण्याची बाटली न्या," ती म्हणाली.

रेल्वे पुलाखाली सात-आठ पालं होती, एक पत्र्याची खोली, आणि खोलीपुढे पाण्याचा टँकर उभा होता. टँकरखाली एक पोरगा पाठीवर पडून नटबोल्ट आवळत होता. पाय तेवढे बाहेर. लांब, काटक पाय. ते पाय बघूनच अनंताला परत फिरावंसं वाटलं.

खोलीच्या दारात बसलेल्या बाईने त्याला आधी ओळखलं. ती झटकन उठली, आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिने कागद काढला, दोन्ही हातांनी धरला आणि दुरूनच त्याला दाखवायला लागली.

"सायेब, पोरगं सुटलंय. हा कागद हाय बघा. शिक्का हाय. निर्दोष लिवलंय."

"मावशी, नवी केस नाही. कागद ठेवा आत."

"शिक्का बघा की."

"बघितला, मावशी. खरा आहे."

पोरगा टँकरखालून बाहेर आला. हातात पाना. "काय झालं, सायेब?"

"रोशन काळे ना?"

"हां. पण मी काय केलं नाही."

"मला माहीत आहे." अनंताने येताना वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आता सापडेना. "मी कोर्टात तारखा टाकायचो. तुमच्या जामिनाच्या वेळी... ती एकतीस दिवसांची तारीख मी टाकली होती. जज मॅडमनी नाही. सहा दिवसांचीसुद्धा टाकता आली असती. जागा होती. त्याच आठवड्यात दुसऱ्याला तशी टाकली मी."

रोशन ऐकत होता. पाना हातात तसाच.

"आणि आईने अर्ज दिला होता. चौदा तारखेच्या आधी बघा म्हणून. तो मी मॅडमपुढे ठेवलाच नाही. फाईलच्या मागे लावून टाकला."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर त्याने दोन पानांत लिहून दिलं होतं. आता मात्र एवढंच आलं, "मला वाटायचं, यांना काय. कधीही आलं तरी चालतंय."

बाई पोराकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी विचारायला लागली. पोराने दोन-चार शब्दांत सांगितलं. ती कागद धरून तशीच उभी राहिली. मग तिने तो कागद हळूच घडी घालून पिशवीत ठेवला.

"सोळाशे मीटर मला पाच मिनिटं लागायची," रोशन म्हणाला. आवाज साधा होता. "त्या दिवशी आत बराकीत मी मोजत होतो. आत्ता सुरू झाली असेल, आत्ता संपली असेल." त्याने पाना दुसऱ्या हातात घेतला. "बाहेर आलो तेव्हा मला कुणाचाच राग आला नाही बघा. आम्हाला वाटलं, कायदाच तसा हाय. आमच्यासाठी तेवढीच तारीख असती. कायद्यावर कोण रागावणार? आपलं काम धरलं, टँकर चालवायला लागलो."

वरून एक मालगाडी गेली.

"आता तुमच्यावर रागवायचं का मी?" रोशनने विचारलं. तो खरंच विचारत होता.

"हो," अनंता म्हणाला.

रोशनने पाना टँकरच्या चाकावर ठेवला, फडक्याला हात पुसले आणि आईची बाज ओढून सावलीत आणली.

"मग बसा," तो म्हणाला. "मला जरा वेळ लागंल."